साखरा नावाचा ग्रह

हट्टा, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय पदे,

पाकीट बघून दचकली असशील. हातात फोन असताना ही बया पत्र काहून लिहून राहिली, म्हणशील. कारण सांगते. फोनवर तू "संगे, संगे" करत लाडात येतेस आणि मी पाघळते. पत्रात तुला मधे तोंड घालता येत न्हाई.

काल ड्युटीवरून घरी आले. वसमतच्या बसस्थानकात दिवसभर माईकवर गाड्या पुकारून घसा बसलेला. चहा टाकला, तेवढ्यात आमची ऐश्वर्या फोन नाचवत आली. "मम्मी, पद्मामावशीची मुलाखत! आणि तुमचा तो खेळ आता फोनवर आलाय!" चहा उतू गेला तरी मी बघत बसले. काय दिसून राहिलीस गं! कापलेले पांढरे केस, मागं काचेचं हापिस. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. पुण्यातल्या कंपनीतून निवृत्त झाली, आणि बाईला आठवला काय तर आपला खेळ!

मग त्या मुलाखत घेणाऱ्या पोरानं विचारलं, "मॅडम, हा खेळ बनवला कुणी?" आणि तू म्हणालीस, "मी नववीत होते. आमच्या शाळेत एक कॉम्प्युटर आला होता. त्याच्यावर मी एकटीनं लिहिला."

एकटीनं. ऐश्वर्याला ते परत लावायला लावलं. परत तेच. पोरगी माझ्याकडं बघेना. बारकी होती तवापासून तिला मी हीच गोष्ट सांगत आले, तुझी मम्मी आणि पद्मामावशीनं मिळून आकाश बनवलं म्हणून. आता तिला वाटलं असंल, मम्मी थापा मारत होती.

तू विसरलीस असं धरते आणि आठवण करून देते. सरकारनं आपल्या वसमतच्या शाळेला तो पांढरट कॉम्प्युटर दिला, लाल बटणांच्या ओळीचा. चपला बाहेर काढून आत जायचं, जसं काही देवाच्या दारात. किल्ली फुलसिंग सरांकडं. टेपरेकॉर्डर जोडून कॅसेट लावली की ती चिरचिर ओरडायची आणि तो इंग्रजी खेळ आत यायचा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांची यानं. एका ग्रहावर माल घ्यायचा, दुसऱ्यावर नेऊन विकायचा, वाटेत लुटारू. आणि शेवटी आकाशातल्या त्या गरगर फिरणाऱ्या तळाच्या दारातून यान आत घालायचं. तू डोळे मिटून घ्यायचीस, बटणं मी दाबायची, आणि दर वेळी आपण आदळून मरायचो. हसून हसून पोट दुखायचं.

मग एक दिवस टेपनं ती कॅसेट खाल्ली. तू रडायला लागलीस. फुलसिंग सर म्हणाले, "रडता काय? तुमी तुमचा लिवा की." आणि आपण लिहिला. कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञा तू लिहायचीस, त्यात तुझा हात धरणारं कुणी नव्हतं, ते मी आजबी म्हणते. पण आकाश मी मांडलं पदे. माझे बाबा एसटीत कंडक्टर, म्हणून मला टप्पे पाठ. हट्टा, कुरुंदा, औंढा, वारंगा फाटा, सगळे ग्रह केले आपण. एक टप्पा म्हणजे एक उडी. हळद कुठं महाग, गूळ कुठं स्वस्त, सरकी कुणाला पाहिजे, ते मी बाबांना विचारून यायचे. वारंगा फाट्यावर सगळीकडच्या गाड्या येतात म्हणून लुटारू तिथंच बसवले. बाबा म्हणाले होते, "व्हय, बराबर हाय."

आणि यान कशावर चालतं, आठवतं? पाण्यावर! तू म्हणत होतीस डिझेल. मी म्हटलं, गाडी डिझेलसाठी कुठं थांबती? ती थांबती रेडिएटरला पाणी घालायला. बाबा रोज घाटात बादली घेऊन उतरायचे. म्हणून आपल्या आकाशात यानाची टाकी पाण्याची. टाकी संपली की खेळ खलास.

माझं काही म्हणणं न्हाई. नावाचं मला काय करायचंय? बसस्थानकात मला नाव कुणी विचारत न्हाई, हिंगोली गाडी लागली का एवढंच विचारतात. फक्त एक सांग. "एकटीनं" तुझ्या तोंडातून आलं, का त्यांनी तसं दाखवलं? खेळ अजून बघितला न्हाई. ऐश्वर्या लावून देतेय.

तुझी,
संगी


हट्टा, २० नोव्हेंबर २०२५

पदे,

तुझा आवाज ऐकला, तू पाठवलेला. "संगे, अगं मी तुझं नाव घेतलं होतं, त्यांनी कापलं. पुढच्या बदलात तुझं नाव टाकते." बरं. मी मानलं. टाकलंस बी लगेच, ऐश्वर्यानं दाखवलं. शेवटी "विशेष आभार" म्हणून यादी हाय. त्यात तुझ्या जिमचा मास्तर हाय. त्याच्याखाली तुझं कुत्रं, "सतत सोबत करणारा ब्रूनो". आणि ब्रूनोच्या खाली मी. कुत्र्याचं काही वाईट वाटलं न्हाई, बिचारं सोबत तरी करत असंल.

मागल्या पत्रात लिहिलं, नावाचं मला काय करायचंय. खोटं लिहिलं. मला हाय नावाचं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या गाड्या पुकारल्या. माझी म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती अर्धी तुझ्याकडं होती, म्हणून मी निवांत होते. बारावीनंतर तू पुण्याला निघालीस तवा आपल्या खेळाची कॅसेट मीच तुझ्या पिशवीत घातली. म्हटलं, तिकडं कॉम्प्युटर असतील, हिच्याजवळ राहू दे.

तर आता खेळाचं सांगते. दोन दिवस खेळले. चित्रं लई देखणी. पण माझी गावं कुठं गेली गं? हट्टा न्हाई, कुरुंदा न्हाई. सगळी इंग्रजी नावं, बोलताना जीभ अडखळते. हळदीच्या जागी कसले निळे खडे. चला, तेबी सोडलं. धंदा करायचा तर जगाला कळंल असंच पाहिजे, एवढं मला कळतं.

मग माझ्या यानाचं पाणी संपत आलं. मी ऐश्वर्याला म्हटलं, घाबरू नको, कडेला जा, तिथं साखरा हाय. माझ्या आईचं माहेर, सेनगावकडचं, कोरडं ठाक गाव. आपण ते मुद्दाम पाण्याचं केलं होतं. साखऱ्याला कोणतंबी यान उतरलं तरी पाणी मिळायचं. कोण, कुठला, काही विचारायचं न्हाई. लुटारू असला तरी पाणी द्यायचं. सगळ्या खेळात तेवढी एकच जागा, जिथं सौदा न्हाई.

ग्रह जागेवर होता. यान उतरलं. आधी एक साबणाची जाहिरात लागली. "पाणी मिळवण्यासाठी जाहिरात पूर्ण बघा." आई शेजारी बसली होती, तिला वाटलं टीव्हीच लागलाय. मी हसले. खरंच हसले.

जाहिरात संपली आणि ग्रहाचं नाव आलं. साखरा न्हाई. "रुख्मिणी." तुझ्या आईचं नाव. खाली दोन ओळी. "माझ्या आईच्या दारातून कुणी तहानलेलं परत गेलं नाही. हा ग्रह तिच्यावरून सुचला."

ऐश्वर्या म्हणाली, "किती छान ना मम्मी?" आई बी म्हणाली, "मोठ्या मनाची बाई हाय ती रुख्मिणी."

मी उठून आत गेले. त्याच्याबद्दल आज लिहीत न्हाई.

संगी


हट्टा, १ डिसेंबर २०२५

पद्मा,

तुझे फोन मी मुद्दाम घेतले न्हाईत. तुला वाटत असंल, नावासाठी रुसली. नाव गेलं खड्ड्यात. आज तेच लिहिते जे मी आईला सांगितलं न्हाई, बाबा गेले त्यांना सांगितलं न्हाई, नवऱ्याला न्हाई, पोरीला न्हाई. जगात दोघींनाच म्हाईत होतं, तुला आणि मला. म्हणून तर तू एवढी बिनघोर लिहू शकलीस.

नववीची सहामाही परीक्षा संपली होती. मालाचे भाव कागदावर मांडायला तुझ्या घरी आपण गेलो. मी तुझ्या घरी पहिल्यांदाच आले होते. शाळेत एका बाकावर, एसटीत एका सीटवर, पण घरी न्हाई. ऊन लई होतं. तू "आई, पाणी" म्हणून ओरडलीस. काकू तांब्या-भांडं घेऊन आल्या. तुला भांडं भरून दिलं. मग माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "तू कुणाची गं?" मी म्हटलं, अमृतराव कंडक्टरची. काकूंनी ते भांडं बाजूला, लांब ठेवलं. मला म्हणाल्या, "अमृत्याची व्हय? पायरीखाली हो. ओंजळ धर."

मी पायरीखाली उतरले, ओंजळ धरली. काकूंनी तांब्या वर धरून धार सोडली. माझ्या हाताला तांब्या लागू नये म्हणून वर. बौद्धवाड्यातल्या लेकराला असं पाणी देतात हे मी आईकडून ऐकलं होतं, पण ते आधीच्या काळातलं म्हणून. माझ्या बाबाच्या अंगावर सरकारी खाकी होती, मी पहिल्या पाचांत यायचे, मला वाटायचं ते सगळं संपलं. पाणी कोपरावरून फ्रॉकात गेलं. मी प्याले, पद्मा. तहान लागली होती म्हणून प्याले.

तू बघत होतीस. भांडं तुझ्या तोंडाला होतं. तू काही बोलली न्हाईस.

दुसऱ्या दिवशी शाळेत पण तू बोलली न्हाईस. मी पण न्हाई. कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो, तू खुर्चीवर बसलीस आणि मला विचारलंस, "तुझं आजोळ कोणतं?" मी म्हटलं, साखरा. तू टाइप करायला लागलीस. मी पडद्यावर वाचत होते. यान साखऱ्याला उतरलं, टाकी रिकामी असली तर भर. काही विचारू नको. काही घेऊ नको. लिहून झाल्यावर तू माझा हात धरलास आणि रडलीस. मीबी रडले. फुलसिंग सरांना वाटलं आपल्याकडून मशीन बिघडलं.

तीच तुझी माफी होती. तोंडानं तू कधी मागितली न्हाईस आणि मला तोंडाची नकोच होती. त्या चार ओळींवर मी तुला माफ केलं, अगदी मनापासून केलं. तुझ्या लग्नात आले, काकूंच्या पाया पडले. संक्रांतीला आईनं तिळगूळ पाठवला की तुमच्या दारात नेऊन द्यायचे. बाहेरूनच द्यायचे, आईला सांगायचे आत बसून आले.

आणि आता तू त्याच ओळींवर त्याच बाईचं नाव लावलंस? जिनं मला पायरीखाली उतरवलं, ती म्हणे सगळ्यांची तहान भागवायची? अगं, माझं नाव खाल्लंस ते चाललं असतं. तू माझी माफी परत घेतलीस. देऊन परत घेतलीस, आणि मी जिच्याकडून दुखावले तिलाच वाहिलीस. जनाची न्हाई तर मनाची तरी ठेवायची होतीस.

शाळेतून मला बी निमंत्रण आलंय. स्नेहसंमेलनाला तू पाहुणी, "रुख्मिणी ग्रहाची कथा" तू सांगणार, आणि ती कथा चित्रासकट कॉम्प्युटरच्या खोलीच्या भिंतीवर रंगवणार. तिथं शिकणाऱ्या पोरी ती वाचणार. आपल्यासारख्याच पोरी, तुझ्या गल्लीतल्या आणि माझ्याबी.

मी एकच मागते. त्या दिवशी स्टेजवरून खरं सांग. मला ओंजळीत पाणी दिलं गेलं, म्हणून आपण साखरा केला. एवढंच. मग भिंतीवर काय रंगवायचं ते रंगव.

संगिता


हट्टा, १५ डिसेंबर २०२५

पदे,

उत्तराला उशीर झाला. सहा डिसेंबरला मुंबईच्या जादा गाड्या सोडायच्या होत्या, स्टँडवर पाय ठेवायला जागा न्हाई, आणि नंतर घसा असा गेला की दोन दिवस घरात खुणेनं बोलत होते. ऐश्वर्या लई खूश होती.

तू परवा रडलीस, मीबी रडले. बघ, म्हणूनच मी फोन घेत नव्हते! पण बरं झालं घेतला. तू म्हणालीस, "संगे, मला लाज वाटली गं. इतकी वर्षं आईबद्दल तसं आठवायचं नव्हतं, म्हणून मी दुसरंच आठवत गेले. आणि सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं." हे मला पटलं. माणसाचं असं होतं. आपल्या आईला वाईट म्हणायला कुणाची जीभ उचलती?

तू शब्द दिलास, स्टेजवरून सांगशील. छातीवरचा एवढा मोठा दगड उतरला. मग मला काकूंचं वाईट वाटायला लागलं. त्यांना आता काही आठवत न्हाई म्हणालीस, सकाळी तुलाच विचारतात, बाई तू कोण. अशा माणसाला चारचौघांत काहून उघडं पाडायचं? म्हणून मीच म्हटलं, नाव घेऊ नकोस. "आमच्या घरी" एवढंच म्हण. तेवढं म्हटलंस तरी मला पुरं.

आईला सांगितलं, कार्यक्रमाला चल. काय कार्यक्रम ते सांगितलं न्हाई. तू सांगशील तवाच तिनं ऐकावं, आणि तुझ्या तोंडून ऐकावं, असं माझ्या मनात हाय. माझ्या तोंडून ऐकलं तर ती तुमच्या दारात जाऊन भांडंल, सोजराबाई नाव हाय तिचं! पण तूच माईकवर म्हणालीस की आमचं चुकलं होतं, तर ती रडंल आणि तुला जवळ घेईल. मला तिचा स्वभाव म्हाईत हाय.

निळी पैठणी काढली. ऐश्वर्या म्हणते मम्मी, तू पाहुणीपेक्षा भारी दिसशील. दिसणारच!

तू ये. वसमतला उतरलीस की मी स्वतः माईकवर पुकारीन, पुण्याहून आलेल्या पद्माबाईंनी चौकशी खिडकीजवळ यावं, त्यांची मैत्रीण केव्हाची ताटकळलीय.

तुझी,
संगी


हट्टा, २८ डिसेंबर २०२५

पद्माबाई यांस,

हे शेवटचं. तुमच्या समोर घडलं तेच परत लिहिते, कारण तुमी दुसरंच आठवायला लागाल. तुमची ती सवय तुमीच मला सांगितलीय.

तुमी भाषण छान केलंत. कॉम्प्युटर, कॅसेट, फुलसिंग सर, सगळं आलं. माझंबी नाव आलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी उठून उभी राहिले. आई माझ्याकडं बघून पदरानं डोळे पुसत होती. मग तुमी म्हणालात, "आता त्या पाण्याच्या ग्रहाची गोष्ट." मी आईचा हात धरला.

आणि तुमी म्हणालात, "आमच्या घरी संगिता पहिल्यांदा आली, ऊन होतं, आणि आईनं तिला मायेनं पाणी दिलं. त्या घोटातून हा ग्रह जन्मला."

"आमच्या घरी" एवढंच म्हणा, असं मीच सांगितलं होतं. तेवढं मात्र तुमी तंतोतंत पाळलंत.

मला वाटलं, चुकून बोलली, पुढं दुरुस्त करंल. पुढं तुमी मला वर बोलावलंत. काकू स्टेजवर खुर्चीत होत्याच, शाल पांघरून. तुमी घासून लख्ख केलेलं तांब्या-भांडं आणलं होतं, घरून. म्हणालात, "आज आई तिला पुन्हा एकदा पाणी देणार आहे." फोन वर झाले, फोटो निघायला लागले. मी तुमच्याकडं बघत होते. तुमी माझ्याकडं बघत नव्हतात.

तांब्या तुमी काकूंच्या हातात दिला. भांडं त्याच्यावर पालथं. काकूंनी मला बघितलं. सकाळी पोटच्या पोरीला न ओळखणाऱ्या त्या बाईनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "अमृत्याची व्हय गं तू?" माईक तुमच्याकडं होता, तरी पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं. मग काकूंनी ते भांडं काढलं. बाजूच्या टेबलावर ठेवलं, लांब, हात पुरंल तितकं लांब. तांब्या वर उचलला, आणि वाट बघत राहिल्या. मी ओंजळ धरायची.

पद्माबाई, माझे हात उठले. हे मी कुणालाच सांगणार न्हाई, पण तुमाला सांगते, कारण तुमी ते बघितलंय. मी चोपन्न वर्षांची बाई, पोरीला इंजिनेर केलं, एका आवाजात गाड्या हलवते, आणि माझे हात आपोआप जुळून आले. काकूंनी तांब्या वाकडा केला. तवा मला आई दिसली, तिसऱ्या रांगेत. मी हात मोकळे सोडले, दोन्ही बाजूंना. पाणी सगळं खाली पडलं. माझ्या पैठणीच्या काठावर, तुमच्या बुटावर, स्टेजच्या सतरंजीवर.

वर झालेले फोन खाली आले. पोरांना काही कळलं न्हाई, पण मोठ्या माणसांना कळलं. आपल्याकडच्या पन्नाशीच्या वरच्या माणसाला ते सांगावं लागत न्हाई. अजूनबी वेळ होती, पद्माबाई. तुमी एक वाक्य बोलायचं होतं. मी तिथंच, त्या ओल्या सतरंजीवर तुमच्या गळ्यात पडले असते.

तुमी माईक तोंडाशी नेलात, हसलात, आणि म्हणालात, "आईचं वय झालंय, हात थरथरतो."

लोकांनी सुटल्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांत माझ्या आईचा आवाज आला. ती उभी राहिली होती. म्हातारी काठी न घेता उभी होती. "संगे, उतर खाली. घरी चल. घरी पाणी हाय आपल्या."

मी उतरले. ऐश्वर्या धावत पुढं आली, तिनं माझा पदर पिळला. शाळेतून स्टँडपर्यंत तिघी चालत गेलो. हट्ट्याच्या गाडीत आई गाव येईपर्यंत खिडकीकडं बघत बसली. घरी आल्यावर तिनं माठातलं पाणी आणून दिलं, पेल्यात, आणि मी पिऊन होईपर्यंत समोर बसली. मग विचारलं, "तवाच काहून सांगितलं न्हाईस?" मी म्हटलं, तू दर संक्रांतीला तिळगूळ पाठवायचीस, कशी सांगू? आई म्हणाली, "मी तर म्हणत होते, माझं लेकरू त्यांच्या घरात बसून खाऊन येतं." आणि मग ती जी रडली, तसं बाबा गेले तवाबी रडली नव्हती.

काकूंवर माझा राग उरला न्हाई. त्यांचं सगळं गेलं, पोटची पोर गेली, दिवस-रात्र गेली, आणि हे तेवढं हातात राहिलं. त्यांनी आहे तसं दाखवलं. आख्ख्या स्टेजवर त्या एकट्याच खऱ्या वागल्या.

शाळेत मी अर्ज दिलाय, भिंतीवर ती कथा रंगवू नये, म्हणून. ते काय करतील ते करतील. तुमच्या खेळातून माझं नाव काढा, ब्रूनोच्या खाली जागा मोकळी राहू द्या. ग्रहाचं नाव रुख्मिणीच राहू द्या आणि जाहिरातबी राहू द्या, आता ते दोन्ही बराबर हाय. साखरा मी परत घेतला. ऐश्वर्या म्हणते, मम्मी, मला टप्पे सांग, मी लिहिते. काल हट्ट्यापासून सुरुवात केली.

तुमी रात्री पाठवलेला निरोप ऐकला. "संगे, मी काय करू, तिचा हात खरंच थरथरला गं."

न्हाई, पद्माबाई. मी समोर होते. हात जराबी थरथरला न्हाई. धार अशी सरळ आली की मी ओंजळ धरली असती, तर एक थेंब खाली पडला नसता.

संगिता अमृतराव खिल्लारे